बंद ग्रुपमधली पोस्ट नवऱ्यानं कोर्टात लावली, पुसून टाकू का?

प्रश्न : मी नागपूरला मानेवाड्यात राहते, शाळेत शिकवते. २०२१ साली लॉकडाऊनच्या दिवसांत फेसबुकवरच्या बायकांच्या एका बंद ग्रुपमध्ये मी मन मोकळं केलं होतं. नवऱ्याचं पिणं, सासरचा जाच आणि नैराश्यासाठी मला सुरू झालेली औषधं, सगळं स्वतःच्या नावानं लिहिलं. आता नवऱ्यानं घटस्फोटासाठी आणि सात वर्षांच्या मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केलाय. ‘आई मनोरुग्ण आहे’ म्हणून त्या पोस्टचा स्क्रीनशॉट जोडलाय. ‘औषधांमुळे आता बरं वाटतंय, शाळाही सुरू केली’ हा शेवटचा भाग कापून. नणंदेनं तोच स्क्रीनशॉट आणि अर्जाची पानं दोन आठवड्यांपूर्वी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मी पोस्ट पुसून टाकू का? ग्रुप बंद होता, मग ही चोरीच नाही का? ग्रुपच्या ॲडमिनवर केस होईल का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक काम. आज काहीही पुसू नका. ना पोस्ट, ना खालच्या कमेंट, ना तुमचं खातं. लाज वाटतेय, हात शिवशिवतोय, हे मी समजू शकते. पण ती पोस्ट तुमच्या विरुद्ध जितकी आहे, त्याहून जास्त ती तुमच्या बाजूची आहे.

कशी ते सांगते. कौटुंबिक न्यायालयात बायकोनं जाचाबद्दल काही सांगितलं की समोरचा वकील हमखास म्हणतो, ‘हे सगळं केस झाल्यावर रचलेलं आहे.’ तुमची पोस्ट २०२१ची आहे. तेव्हा ना नोटीस होती, ना वकील, ना पोटगीचा विषय. त्या रात्री तुम्ही जे लिहिलं, त्यावर फेसबुकनं तारीख घातली आहे. आणि समोरच्यांनी नेमका तुम्हाला सावरणारा भाग कापला. एखाद्या लेखाचा तुकडाच कोणी पुढे केला, तर तो समजण्यासाठी लागणारा बाकीचा भागही न्यायालयासमोर आला पाहिजे, ही तरतूद साक्ष्य कायद्यातच आहे. अख्खी पोस्ट तुम्ही पुसलीत, तर त्यांचा कापलेला तुकडा तेवढा उरेल. शिवाय प्रकरण कोर्टात असताना पुरावा ठरणारा इलेक्ट्रॉनिक मजकूर नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा ठरू शकतो. तो आरोप ओढवून घेऊ नका.

म्हणून आधी जतन. फेसबुकच्या सेटिंगमधून स्वतःच्या खात्याची संपूर्ण माहिती उतरवून घ्या. पोस्टचे स्क्रीनशॉट असे काढा की ग्रुपचं नाव, तारीख आणि सगळ्या कमेंट दिसतील. व्हॉट्सॲपवरचा नणंदेचा मेसेज ज्या फोनवर आला, तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा तिचा आकडी ठसा, लिहावं लागतं. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, ते सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात, जुन्या कायद्याखाली, ठामपणे सांगितलं. नवऱ्याच्या वकिलांनी ते जोडलंय का, हे तुमच्या वकिलांना पहिल्याच तारखेला विचारायला सांगा. एवढं मात्र लक्षात ठेवा, कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ मुळे हे न्यायालय पुराव्याच्या बाबतीत बरंच मोकळं असतं. निव्वळ प्रमाणपत्र नाही म्हणून स्क्रीनशॉट बाहेर फेकला जाईल, या भरवशावर राहू नका.

आता ‘चोरी’. तुमचा राग खरा आहे. बंद ग्रुप म्हणजे घराचं माजघर, असं समजून आपण बोलतो. पण ज्या माजघरात हजारो बायका बसल्यात आणि प्रत्येकीच्या हातात कॅमेरा आहे, तिथं दाराला कडी असून उपयोग काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिलं. चार जणींना सांगितलं म्हणून तुमचा खासगीपणा संपत नाही, असं माझं ठाम मत आहे. तरीही या हक्काच्या जोरावर तो स्क्रीनशॉट न्यायालयाबाहेर ठेवता येईल, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. १४ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्यानं चोरून रेकॉर्ड केलेलं बायकोचं संभाषणसुद्धा वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल, असं म्हटलं आहे. मग तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलेल्या पोस्टचं काय होणार, हे उघड आहे.

माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या नव्या कायद्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तो इथं फारसा कामाचा नाही. एखादी व्यक्ती स्वतःच्या घरगुती कारणासाठी माहिती हाताळते, तेव्हा तो लागूच होत नाही. नणंद नेमकी हीच सबब पुढे करेल. ॲडमिनचा नाद सोडा. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला, समान हेतू असल्याशिवाय, गुन्हेगार धरता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंच २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमची ॲडमिन तर बिचारी साक्षीदार म्हणून उपयोगी पडेल. तिला मूळ पोस्ट आहे तशी ठेवायला विनंती करा.

नणंदेचं प्रकरण मात्र वेगळं, आणि तिथं कायदा तुमच्या हातात आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार अशा खटल्याची सुनावणी बंद दाराआड चालते आणि त्यातला मजकूर छापायला, प्रसिद्ध करायला मनाई आहे. अर्जाची पानं नातेवाइकांत फिरवणं या कलमात बसतं, असं म्हणणं न्यायालयापुढे मांडा आणि पुढे काहीही फिरवू नये असा मनाईचा आदेश मागा. ही मागणी मी पहिल्या तारखेलाच केली असती. ‘मनोरुग्ण’ म्हणून बदनामी केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. ‘खरं तेच फिरवलं’ एवढं म्हणून सुटका होत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. तुमच्या औषधांत काकू-मामींचं कसलं लोकहित? नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत मात्र प्रसिद्धीपासून एकच वर्षाची असते, तेवढी तारीख लिहून ठेवा. तो मेसेज सगळ्यांच्या फोनमधून पुसायची सोय व्हॉट्सॲपवर दोन दिवसांहून थोडीच जास्त असते. ती वेळ गेली. म्हणून नणंदेला द्यायच्या नोटिशीत ‘पुढे पाठवू नका’ हे लेखी घाला.

तुम्हीही एक पथ्य पाळा. ती जुनी पोस्ट पुन्हा कुठे शेअर करू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर उत्तरही देऊ नका. नवऱ्याबद्दल २०२१ मध्ये लिहिलेल्या मजकुरावर बदनामीची फौजदारी तक्रार करायची तीन वर्षांची मुदत सर्वसाधारणपणे उलटली आहे. तुम्ही तो नव्यानं पसरवलात तर मुदत नव्यानं सुरू होईल.

आणि ज्या भीतीनं तुमची झोप उडालीय त्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून ती व्यक्ती वेडसर ठरत नाही, ते सक्षम न्यायालयानं ठरवावं लागतं. त्यांनी आजाराचा पुरावा म्हणून काही दाखल केलं आणि तुम्ही त्याला हरकत घेतलीत, तर कलम १०५ नुसार न्यायालयानं तो प्रश्न मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवायचा असतो. मुलीचा ताबा तिच्या हिताकडे पाहून ठरतो. वेळेवर डॉक्टरकडे जाणारी, औषध घेणारी, रोज शाळेत उभी राहणारी आई त्या तराजूत हलकी पडत नाही.

पोस्ट काढायचीच असेल तर सगळं जतन होऊन वकिलांनी होकार दिल्यावर काढा. ती ग्रुपवरून जाईल, लोकांच्या फोनमधल्या प्रती राहतील. कोणी त्या पुन्हा फेसबुकवर टाकल्या तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन केला तरी मार्ग सांगतात. जाताना अर्जाची प्रत, तो फोन, शाळेचं हजेरीचं पत्र आणि तुमच्या डॉक्टरांची २०२१ पासूनची चिठ्ठी न् चिठ्ठी सोबत न्या. आणि केस सुरू आहे म्हणून औषधं लपवून किंवा मध्येच बंद करून बसू नका.