संध्याकाळी ॲम्पचा आवाज का बसतो?

प्रश्न : हातानं जोडलेला जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) गिटार ॲम्प घेतला आहे. स्पीकर चालवणारे दोन ईएल८४ व्हॉल्व्ह, त्याआधीचे तीन १२एएक्स७, ८ ओहमचा एक स्पीकर. सकाळी बरा वाजतो. संध्याकाळी सूर मलूल होतो आणि अर्ध्या तासानं खर्ज नुसता घुमायला लागतो. व्हॉल्व्ह बदलू का?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : इतक्यात नको. नव्या व्हॉल्व्हनं चार दिवस बरं वाटतं, दोष तिथंच राहतो. तुमच्या पत्रात दोन निरनिराळी दुखणी आहेत.

सकाळ-संध्याकाळचा फरक बहुधा लाइनचा. गावाचा लोड वाढला की फीडरच्या, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या लाइनच्या, टोकाला २३० चे १८० व्होल्टही होतात. तेवढ्यावर हीटरला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ ऐवजी ४.९ मिळतात, ५.७ च्या खाली जाऊ नये. कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, पुरता तापत नाही, ३२० व्होल्टचा एचटी, म्हणजे व्हॉल्व्हचा मुख्य डीसी पुरवठा, तोही अडीचशेवर येतो. मीटर एसीवर ठेवून ईएल८४ च्या ४ आणि ५ नंबरच्या पिनांमध्ये मोजा, सकाळी एकदा आणि रात्री आठला एकदा. फरक निघाला तर ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर पुरे. रिलेवाला टप्पा बदलताना 'खट' करतो, तेवढं सोसावं लागेल.

तापल्यावर घुमणं मात्र ॲम्पच्या पोटातलं. संशय पहिला कपलिंग कंडेन्सरवर, म्हणजे एका व्हॉल्व्हचा सूर पुढच्याकडे नेणाऱ्या आणि डीसी अडवणाऱ्या कंडेन्सरवर. ॲम्प चालू, स्पीकर जोडलेला, व्होल्यूम शून्यावर. ईएल८४ ची २ नंबरची पिन आणि चासिस (ॲम्पचा धातूचा सांगाडा) यांच्यात डीसी मोजा. शून्याच्या आसपास हवं. एक-दोन व्होल्ट दिसले आणि तापेल तसे चढत गेले, तर गळती आहे. ती कंडेन्सरची की व्हॉल्व्हची? ॲम्प बंद करून तो व्हॉल्व्ह काढा, पुन्हा चालू करून मिनिटभरात तिथंच मोजा. व्होल्ट कायम असतील तर कंडेन्सर गेला. नाहीसे झाले तर व्हॉल्व्ह.

मग ३ नंबरच्या पिनवर, म्हणजे कॅथोडवर, डीसी बघा. दोन्ही ईएल८४ ना मिळून १३० ओहमचा रेझिस्टन्स असेल आणि १०.४ व्होल्ट मिळाले, तर एकूण ८० मिलिअँपिअर, प्रत्येकी ४०. त्यातले चारेक स्क्रीनचे, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे. उरलेले ३६ गुणिले प्लेट (इलेक्ट्रॉन झेलणारा भाग) आणि कॅथोड यांच्यातले ३१० व्होल्ट, म्हणजे सुमारे सव्वाअकरा वॉट. मर्यादा १२ ची. १३ व्होल्ट दिसले तर व्हॉल्व्ह भाजतो आहे.

कंडेन्सर बदलताना ०.०२२ मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन घ्या. घरगुती जोडणीत पुष्कळदा हाताशी असलेले ०.१ चे लावलेले असतात. खर्ज मग आवरत नाही. तरीही घुमलं तर पहिल्या १२एएक्स७ च्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा काढून ०.६८ चा लावून ऐका. स्पीकरही एकदा तपासा. डीजेच्या बॉक्समधला वूफर बसवलेला असेल तर गिटारचा सूर त्यातून निघणारच नाही, वर कितीही कंडेन्सर बदला.

आत हात घालण्याआधी प्लग काढा. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपनं मोठ्या कंडेन्सरवर दहा सेकंद जोडा आणि मीटरवर शून्य बघूनच पुढं जा. स्पीकर काढून ॲम्प कधीच चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

प्रश्न : माझ्या ॲम्पमध्ये सतत हम (घूं असा आवाज) आहे. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढली की कमी होतो. चालेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : अजिबात नाही. आत काही शॉर्ट झालं तर गिटारच्या तारांत करंट येईल. हम ओळखायची सोपी खूण : सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झचा. हम त्याच्या जवळ असेल तर तो १०० हर्ट्झचा, डीसी सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर वाळला. त्याच्याही खालच्या सप्तकात असेल तर ५० चा : हीटरच्या वायरी पीळ न देता नेलेल्या असतील किंवा ग्राउंड दोन ठिकाणी जोडला असेल. पिन काढून कमी होतो म्हणजे तुमचा संशय ग्राउंडवरच घ्या. ॲम्पबरोबर मिक्सर वगैरे जोडला असेल तर तो काढून ऐका. आणि घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या. एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो; खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा.