युद्धातल्या विमान-जहाजांच्या चित्रांचे सहीचे प्रिंट कोल्हापुरात घेताना आणि जपताना काय पाहावं?

आधी खालचा समास बघा. चित्रकाराची सही आणि १२५/५०० असा क्रमांक (म्हणजे पाचशे प्रतींपैकी सव्वाशेवी) पेन्सिलीनं हातानं लिहिलेला हवा. भिंगातून सहीत छपाईचे ठिपके दिसले, तर ती सही छापलेली समजा. किंमत खरी वाढते ती चित्रातल्या लढाईत लढलेल्या वैमानिकाच्या किंवा नौसैनिकाच्या सहीनं. मला तर चित्राइतकंच मोल त्या हाताचं वाटतं. म्हणून तारखा जुळवाच: दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ वैमानिक डग्लस बेडर १९८२ मध्ये गेले, त्यानंतर छापलेल्या कागदावर त्यांची सही कशी असेल?

फ्रेमवाल्याला बजावून सांगा, समास कापायचा नाही, प्लायवर चिकटवायचं नाही, काच चित्राला टेकता कामा नये. मागे आम्लमुक्त बोर्डच. आपल्याकडे जून-जुलैत भिंती ओल धरतात, तेव्हा पावसाच्या झडीकडच्या भिंतीवर प्रिंट टांगूच नका.