गणपती ते संक्रांत : कोल्हापुरातील शिंकांच्या हंगामाविषयी

नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण कळंब्याला राहता आणि नोकरीसाठी रोज दुचाकीवरून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जाता. गणपती उठले की सकाळी ओळीने शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक आणि डोळ्यांची खाज सुरू होते ती संक्रांतीपर्यंत पिच्छा सोडत नाही. मेडिकलमधून आणलेल्या गोळीने आराम पडतो, पण दुपारी डोळे मिटू लागतात. तेव्हा ॲलर्जीची तपासणी आणि इंजेक्शनांचा कोर्स करावा का, आणि सात वर्षांच्या मुलीलाही हेच सुरू झाले आहे, तिचे काय करावे, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे शहरात औषधांचे दुकान चालवले असून हा त्रास मला स्वतःलाही आहे. डॉक्टर मात्र मी नाही, हे ध्यानात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

आपण वर्णन केले आहे त्यावरून ही साधी सर्दी वाटत नाही. सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते, तिच्यात अंग मोडून येते, क्वचित ताप असतो आणि शेंबूड पुढे घट्ट होतो. येथे ताप नाही, स्राव पातळच राहतो, नाकाबरोबर डोळे आणि टाळूही खाजते आणि दर वर्षी तोच काळ ठरलेला असतो. शरीर एखाद्या निरुपद्रवी कणाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ती नाकाच्या अस्तरातील पेशींवर दबा धरून बसतात आणि तोच कण पुन्हा आला की हिस्टामिन बाहेर पडून शिंका, पाणी आणि खाज एकदम सुरू होते. यात एक दुसरा टप्पाही असतो, त्याची चर्चा फारशी होत नाही. काही तासांनी अस्तराला सूज येते आणि सतत माऱ्याने ती दिवसेंदिवस टिकून राहते. आपली गोळी हिस्टामिनला अडवते, पण या सुजेवर तिचा प्रभाव अपुरा पडतो. म्हणूनच गोळी घेऊन शिंका थांबल्या तरी नाक चोंदलेलेच राहिले, अशी तक्रार दुकानात मी सर्वांत जास्त ऐकली. माझ्या मते आपल्या उपचारातील खरी उणीव गोळी कोणती घ्यावी ही नसून, सुजेवरचा उपचार मुळीच सुरू नाही आणि जो आहे तो हंगाम ऐन भरात आल्यावर सुरू होतो, ही आहे.

आता आपल्याकडचा हंगाम पाहू. पावसाने भिजलेल्या पडीक जागा, रस्त्यांच्या कडा आणि प्लॉट श्रावण-भाद्रपदात गाजरगवताने, म्हणजे लोक ज्याला काँग्रेस गवत म्हणतात त्याने, पांढरे होतात. या तणाची नोंद आपल्याकडे 1955च्या सुमारास पुण्यात झाली आणि पुढे ते देशभर पसरले. ते खाऊन फस्त करावे म्हणून 1980च्या दशकात मेक्सिकोतून भुंगेरे आणून सोडण्यात आले, पण प्लॉट अजून पांढरेच दिसतात. याच्या परागांनी नाक बिघडते आणि पानाफुलांच्या स्पर्शाने त्वचेवर पुरळ उठते, तेव्हा अंगण साफ करताना ते उघड्या हाताने उपटू नये. हातमोजे आणि मास्क घालून, शक्यतो फुलोरा येण्याआधी काढावे. गवतांचे पराग पाऊस ओसरल्यावर हवेत वाढतात. त्याच सुमारास सोयाबीन, भुईमूग आणि पुढे भाताची काढणी-मळणी होते आणि वाळलेल्या पाल्यावरील बुरशीचे सूक्ष्म बीजाणू धुळीबरोबर उधळले जातात. घरातही पावसाळाभर ओल धरलेल्या भिंती, कपाटांच्या पाठी आणि गाद्या यांत बुरशी असतेच. 2019 आणि 2021च्या महापुराचे पाणी ज्या घरांत शिरले त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दसरा-दिवाळीनंतर उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. पाचट जाळल्याचा धूर, गुऱ्हाळांचा धूर, गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पडणारी साखर कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी आणि त्यावर पंचगंगेकाठचे थंडीतील धुके, असा तो सगळा मामला असतो. काजळी आणि धूर हे तांत्रिक अर्थाने ॲलर्जीचे कारण नाही. पण आधीच सुजलेल्या नाकाला ते चिडवतात आणि ॲलर्जी नसलेल्या माणसाचेही नाक वाहू लागते. फौंड्रीतील, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातील, वाळूची धूळ हीदेखील याच वर्गातील. आपण कारखान्याच्या आवारात किती वेळ असता हे लिहिलेले नाही, परंतु साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी किंवा चार दिवस परगावी गेल्यावर त्रास निम्म्याने कमी होतो का, हे एकदा वहीत टिपून पाहावे. त्या एका नोंदीतून डॉक्टरांना पुष्कळ कळते.

आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. डोळ्यांत भरणारी फुले सहसा निर्दोष असतात. गुलमोहर, बोगनवेल किंवा जास्वंद यांचे पराग जड आणि चिकट असून ते कीटक-पक्ष्यांकडून वाहून नेले जातात. वाऱ्यावर तरंगतात ते गवतांचे, तणांचे आणि वावळासारख्या झाडांचे पराग, ज्यांच्या फुलांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. सातवीण फुलली की संध्याकाळी डोके धरते, हे खरे आहे, पण तेथे बहुतेक वेळा उग्र वासाचा त्रास असतो, परागांचा नव्हे. तेव्हा शेजाऱ्यांच्या बागेवरून भांडण काढण्याआधी आपल्याच कंपाऊंडबाहेरचे गवत पाहावे.

उपचारांकडे वळतो. मध्यम किंवा तीव्र त्रासात आधाराचे औषध म्हणजे नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड ही त्यातील नेहमीची नावे. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकताच घरातील वडीलधारी मंडळी हात आखडता घेतात, परंतु या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, ती मुख्यतः नाकाच्या अस्तरावरच काम करते आणि गोळ्या किंवा इंजेक्शनातून घेतलेल्या स्टिरॉइडशी तिची तुलना होऊ शकत नाही. मात्र हा फवारा म्हणजे बाम नव्हे. आज मारला आणि आज नाक उघडले, असे होत नाही. काही दिवसांत फरक जाणवू लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडेही लागतात. बहुतेक लोक चौथ्या दिवशी ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून बाटली कपाटात टाकतात. आपला त्रास गणपतीनंतर सुरू होत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन नारळी पौर्णिमेच्या आसपासच फवारा सुरू करावा आणि हंगाम संपेपर्यंत, बरे वाटत असतानाही, रोज घ्यावा.

त्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण औषध वाया जाते ते येथेच. बाटली हलवावी, नवी असेल तर बारीक तुषार निघेपर्यंत हवेत दाबून घ्यावी आणि नाक हलकेच शिंकरून मोकळे करावे. डोके मागे न टाकता किंचित पुढे झुकवावे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे नळीचे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याच्या दिशेने वळते. मधल्या पडद्यावर औषध आदळत राहिले तर तो कोरडा पडून रक्त येते. फवारा दाबताना हळू श्वास घ्यावा. जोरात ओढला तर औषध नाकात न राहता घशात उतरते, आणि घशात कडू चव आली म्हणजे औषध चांगले लागू पडले अशी समजूत असेल तर ती उलटी आहे. रक्त वारंवार येऊ लागले तर फवारा थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

गोळीबाबत आपली अडचण रास्त आहे. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी हमखास झोप येते; सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन यांनी ती कमी येते, पण काहींना येतेच; फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन यांनी त्याहून कमी. तावडे हॉटेलपासून पंचगंगेच्या पुलापर्यंत ट्रक आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या गर्दीतून रोज गाडी चालवणाऱ्याने डॉक्टरांना हे आवर्जून सांगून गोळी बदलून घ्यावी. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावी, फळांच्या रसाबरोबर तिचे शोषण घटते. आपल्या पट्टीवर लेव्होसेटिरिझिनबरोबर मॉन्टेलुकास्टचे नाव आहे का, तेही पाहावे. ही जोडगोळी आपल्याकडे चणे-फुटाण्यांसारखी खपते. परंतु मॉन्टेलुकास्टमुळे काही जणांना वाईट स्वप्ने, चिडचिड, खिन्नता, क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2020मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी ते इतर उपायांनी गुण न आल्यासच वापरावे असे सांगितले. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिले असेल तर आपल्या मनाने बंद करू नये. दुकानातून आपल्या मनाने सुरूही करू नये.

नाक ताबडतोब उघडणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. त्यानंतर थेंब उतरले की नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते, माणूस पुन्हा थेंब टाकतो आणि वर्षानुवर्षे उशाशी बाटली ठेवून झोपणारे लोक तयार होतात. डोळ्यांसाठी थंड पाण्याची पट्टी आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब वापरावेत. डोळे चोळण्याची सवय बुबुळाच्या आकारालाही बाधते.

औषधाशिवायच्या उपायांत मी मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला, म्हणजे जलनेतीला, पहिला मान देतो. अर्धा लिटर पाण्यात सुमारे साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा, मीठ घ्यावे. पाणी उकळून कोमट केलेलेच असावे, नळाचे थेट कधीही नको, कारण न उकळलेल्या पाण्यातील नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हे क्वचित घडते, पण घडले की बहुधा जीवावर बेतते. संध्याकाळी कामावरून आल्यावर नाक धुवावे, चेहरा आणि डोके धुवावे, कपडे बदलावेत आणि मग फवारा मारावा. गाडीवर हेल्मेटची काच खाली असावी आणि आत मास्क असावा.

घरातील धुळीतला खरा गुन्हेगार डोळ्यांना न दिसणारा धूलिकीटक असतो आणि त्याचे माहेर गादी, उशी आणि वाकळ. चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत आणि ऊन मिळेल तेव्हा गाद्या गच्चीवर टाकाव्यात. घट बसण्याआधी आपल्याकडे सगळे घर उपसण्याची रीत आहे आणि ती चांगलीच आहे, पण ज्याला ॲलर्जी आहे त्यानेच माळ्यावर चढून भांडी आणि जुनी घोंगडी काढावीत असे कोठे लिहिलेले नाही. ते काम दुसऱ्याकडे द्यावे, जमत नसेल तर एन-95 मास्क लावावा आणि कोरड्या केरसुणीऐवजी ओले फडके वापरावे. वाफेने घटकाभर मोकळे वाटते, हळदीच्या दुधाने घसा शेकतो. दोन्ही घ्यायला हरकत नाही, मात्र त्यांनी हा हंगाम टळत नाही. स्थानिक मध खाल्ल्याने ॲलर्जी जाते, या दाव्याला भरवशाचा पुरावा नाही.

तपासणीविषयी. फवारा नियमित आणि योग्य रीतीने एक हंगाम घेऊनही त्रास हटला नाही, किंवा इंजेक्शनांचा विचार करायचा असेल, तर त्वचेवरील प्रिक टेस्ट उपयोगाची आहे. हातावर थेंब ठेवून हलके टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत उठलेली गांधी मोजतात. त्यापूर्वी ॲलर्जीची गोळी सुमारे आठवडाभर बंद ठेवावी लागते, नाहीतर निकाल फसवा येतो. गांधी उठली म्हणजे तोच आजार, असेही नाही. ती आपल्या हंगामाशी जुळली पाहिजे. शेकडो पदार्थांच्या याद्या देणारी महागडी रक्त-पॅकेजेस मी तरी घेणार नाही, कारण त्यातून लोक वांगी आणि केळी सोडून बसतात आणि शिंका तशाच राहतात. आपण विचारलेला इंजेक्शनांचा कोर्स म्हणजे इम्युनोथेरपी : ज्याची ॲलर्जी आहे तोच पदार्थ अगदी थोड्या, हळूहळू वाढवत नेलेल्या मात्रेत टोचून शरीराला त्याची सवय लावणे. ही नवलाई नाही. लेनर्ड नून यांनी 1911 साली लंडनमध्ये गवताच्या परागांचे असे उपचार प्रसिद्ध केले. मूळ प्रवृत्तीवर काम करणारा हाच एक मार्ग आहे, पण तो तीन ते पाच वर्षांचा आहे. इंजेक्शनानंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते, आणि दमा आटोक्यात नसेल तर तो धोक्याचा आहे. मध्येच सोडायचा असेल तर सुरू करण्यात अर्थ नाही. दर दिवाळीला एक ‘सर्दीचे इंजेक्शन’ देऊन महिनाभर मोकळे करणारेही भेटतात. ते बहुधा दीर्घकाळ टिकणारे स्टिरॉइड असते आणि त्याचा साखर, रक्तदाब व हाडे यांवर परिणाम होतो. दोन्ही इंजेक्शनांची गल्लत करू नये.

रात्री खोकला, छातीत सूं-सूं आवाज किंवा जिना चढताना धाप असेल तर नाकाचे पुढे पाहू आणि आधी छाती तपासून घ्यावी. नाकाची ॲलर्जी आणि दमा अनेकांत बरोबर नांदतात. कान-नाक-घसा विभाग सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयातही आहे, त्यामुळे खर्चासाठी अडून राहण्याचे कारण नाही.

मुलीबाबत : ती तळहाताने नाक सतत वर ढकलते का आणि नाकाच्या शेंड्याच्या वर एक बारीक आडवी रेघ उमटली आहे का, ते उजेडात पाहावे, तोंड उघडे ठेवून झोपते का, शाळेतून ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार येते का, हेही विचारावे. ही चिन्हे असतील तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. मुलांना चालणारे फवारे आणि वय-वजनाप्रमाणे मोजून द्यायची पातळ औषधे आहेत, तेव्हा आपल्या गोळीचा अर्धा तुकडा तिला देऊ नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर टॉवेल पांघरून तिला वाफ देणेही टाळावे, मुले त्यात भाजतात. मॉन्टेलुकास्टचे सरबत कोणी लिहून दिले तर झोप आणि स्वभाव यांतील बदलावर घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि फरक दिसताच डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.