पोळ्या कमी करण्याआधी पळी मोजा

गणपती विसर्जनानंतरचा पंधरवडा हा आम्हा आहारसल्लागारांच्या धंद्यातला सुगीचा काळ. मोदक, पेढे, आरतीनंतरची खिरापत सगळं पोटात गेलेलं असतं आणि नवरात्र तोंडावर आलेलं असतं. या वेळच्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलंय, रोज किती कॅलरी खाऊ? त्यातली काही निवडली आहेत.

वय ३४, उंची १७२ सेंमी, वजन ८४ किलो, ७४ वर यायचंय. हिंजवडीत आयटीत आहे, आठवड्यातून तीन दिवस जिम. एक अ‍ॅप १६०० कॅलरी सांगतं, दुसरं २०००. खरं कोणाचं? (बाणेर)

दोघांनी बहुधा एकच सूत्र वापरलंय. १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर. वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने, बेरजेतून वयाची पाचपट वजा करा. पुरुष असाल तर ५ मिळवा, स्त्री असाल तर १६१ वजा करा. तुमचं उत्तर येतं १७५०. दिवसभर नुसतं लोळत पडलात तरी शरीर साधारण एवढं खर्च करतं. त्याला हालचालीचा गुणक लावायचा. बैठ्या माणसाला १.२, थोडाफार व्यायाम करणाऱ्याला १.३७५. म्हणजे रोजचा खर्च एका हिशेबाने २१००, दुसऱ्याने २४००. त्यातून चारशे-पाचशे कमी केले की तुमचे दोन आकडे आले. अ‍ॅप भांडत नाहीयेत, 'हालचाल' या रकान्यात तुम्ही दोन ठिकाणी दोन उत्तरं दिली आहेत.

जिमचे तीन तास खरे, पण आठवड्याचे उरलेले १६५ तास खुर्ची, गाडी आणि गादी. म्हणून मी मधला १८०० धरेन. तो अंदाजच आहे, खरा आकडा तुमचा वजनकाटा सांगेल. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. तीन आठवडे थांबा. आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅम उतरत असतील तर आकड्याला हात लावू नका. दोनशेच्या आत अडकलं असेल तर रोजच्या दीडशे कॅलरी कमी करा.

आता १८०० ची वाटणी. आधी प्रथिनं ठरवा, मग स्निग्ध पदार्थ, उरेल ते कर्बोदकांना. पोळी-भातापासून सुरुवात केली की प्रथिनांना जागाच उरत नाही, हे मी रोज बघते. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे, तर ज्या वजनाला पोचायचंय त्याच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत. तुम्ही ७४ किलो म्हणताय, म्हणजे १०५ ग्रॅम धरू. प्रथिनांच्या ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणून ४२०. स्निग्ध पदार्थ ५५ ग्रॅम. त्यांच्या ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणून ४९५. उरल्या ८८५. कर्बोदकांच्या ग्रॅमलाही ४ कॅलरी, म्हणून त्यात सुमारे २२० ग्रॅम कर्बोदकं बसतात. भात सोडायची गरज नाही, हे लक्षात आलं असेलच. ऑफिसच्या चार चहांतली साखर मात्र याच २२० मध्ये मोजायची. अमृततुल्यचा कप केवढासा, पण त्याचा गोडवा केवढा, ते पुणेकराला सांगायला नको.

वय ४६, वजन ६८. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. सुनेने ७० ग्रॅम प्रोटीनचा तक्ता काढून दिलाय. एवढं आणायचं कुठून? वरण तर रोज असतंच. (सदाशिव पेठ)

वरण असतं, पण त्यात डाळ किती असते? चौघांना मिळून शंभर ग्रॅम तूरडाळ शिजवली तर वाट्याला २५ ग्रॅम कोरडी डाळ येते, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रथिनं. बाकी पाणी, हिंग, हळद आणि समाधान.

दिवसाचा हिशेब मांडू. चार पोळ्या, प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या, त्यांचे १२ ग्रॅम. दोन वेळचं वरण ११. मटकीची उसळ, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची, तिचे ९. दही दोनशे ग्रॅम, ६. एक पेला दूध, ६. शेंगदाणे वीस ग्रॅम, ५. झाले ४९. उसळीऐवजी पिठलं केलंत तर ४० ग्रॅम बेसनातही जवळपास तेवढीच मिळतात. राहिलेल्या वीस-एकवीससाठी दोन रस्ते आहेत. ३० ग्रॅम कोरडे सोयाचे तुकडे घेतले तर १५ ग्रॅम. पनीर ७५ ग्रॅम घेतलं तर १३, पण त्याच्या कॅलरी सोयाच्या जवळजवळ दुप्पट. सोयाचा वास आवडत नसेल तर गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा आणि मिक्सरमधून काढून खिम्यासारखा मसाला करा. खिमा हा शब्द घरात उच्चारायची गरज नाही. वर ताकाची वाटी वाढवलीत की सत्तरच्या आसपास पोचलात. पासष्ट झाले तरी सुनेला सांगा, चालतंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅमची शिफारस केली आहे. तुम्ही त्याच्या वर आहात.

पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली. किती किलो कमी होतील? (हडपसर)

नुसत्या या बदलाने, एकही नाही. शंभर ग्रॅम कणीक आणि शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ यांच्या कॅलरींत नाव घेण्यासारखा फरक नाही. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावायला वेळ लागतो, एवढा फायदा खरा. पण तुमची एक भाकरी दोन पोळ्यांच्या पिठाची असते, हे थापताना बघा.

नवरात्राचे नऊ दिवस उपास करते. त्या दिवसांत टार्गेट किती ठेवू? (धनकवडी)

टार्गेट तेच ठेवा, आधी खिचडी तोला. एका बशीत ७५ ग्रॅम साबुदाणा असतो, त्याच्या २६०. दाण्याचं कूट २५ ग्रॅम, १४०. तूप तीन चमचे, १३५. बटाट्याच्या फोडी, ४०. बेरीज पावणेसहाशे, आणि प्रथिनं जेमतेम सहा ग्रॅम. तीही दाण्यांची, साबुदाण्याकडे देण्यासारखं काही नाही. दुपारी पुन्हा भूक लागते आणि मग बटाट्याचा चिवडा येतो. त्यापेक्षा भगर मोजून घ्या, सोबत दाण्याची आमटी आणि मोठी वाटी दही. खिचडी नऊ दिवसांत दोनदा करा आणि मनापासून खा.

वय २३, उंची १५८, वजन ५४. मार्गशीर्षात लग्न आहे, ४८ करायचंय. १००० कॅलरी पुरतील का? (कर्वेनगर)

तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २१.६ आहे. भारतीयांसाठी तो २३ च्या आत असावा, म्हणजे तुला कमी करण्यासारखं काही नाही. हजार कॅलरींवर केस गळतील, पाळी चुकेल आणि लग्नाच्या फोटोत डोळे खोल दिसतील. ब्लाउज शिवायला टाक आणि नीट जेव.

मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. कर्बोदकं एकदम निम्म्यावर आणू का? (पिंपरी)

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काही गोळ्यांवर, आणि इन्सुलिनवर तर नक्कीच, जेवण अचानक घटलं की साखर धोकादायक उतरते. आधी औषधाची मात्रा, मग ताट. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीही विचारा.

दोन महिन्यांत ८४ वरून ८० वर आलो. आता महिनाभर काटा हलत नाही. दर रविवारी सिंहगड चढतो. घरी चौघे, तेलाचा पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो, त्यामुळे तेल काही जास्त नाही. मेटाबॉलिझम बंद पडला का? (वारजे)

बंद पडला असता तर पत्र लिहायला तुम्ही उरला नसतात. वरच्या सूत्रात चार किलो कमी करून बघा, फरक पडतो ४० कॅलरींचा. गुणक लावला तरी पन्नास. एवढ्याने काटा थांबत नाही. थांबतो तो हात सैल झाल्याने. पहिल्या महिन्यात तुम्ही भात वाटीने घेत होतात, आता डावाने घेत असाल.

गडाचं बघू. आतकरवाडीतून वर जायला साधारण सहाशे मीटर चढ, तुमच्या वजनाला चारशे-पाचशे कॅलरी. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. उतरायच्या आधीच जमाखर्च पूर्ण होतो. गड वजनासाठी चढू नका, फुप्फुसांसाठी चढा, फार चांगला आहे.

आणि तो डबा. तेलाच्या लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं. पाच लिटर म्हणजे ४५५० ग्रॅम. तीस दिवस आणि चार माणसांत वाटले तर रोज माणशी ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी. तळणीचं थोडं कढईत उरतं ते सोडा. माझाही असाच समज होता की आमच्याकडे तेल कमी. एकदा फोडणीची पळी भरून काट्यावर धरली, १८ ग्रॅम निघालं. दोन भाज्या आणि आमटी अशा तीन पळ्या एका वेळी, आणि मी लोकांना पोळ्या मोजायला सांगत होते. आता आमच्या तेलाच्या भांड्यात चहाचा चमचा असतो.

तुमचा डबा तीन लिटरवर आणा. माणशी रोजच्या सुमारे १३५ कॅलरी वाचतील आणि ताटातलं काहीच कमी होणार नाही. भाजी लागू नये म्हणून झाकणावर पाणी ठेवून शिजवा, आपल्या आज्या करायच्या तसं. चार आठवड्यांनी सरासरी कळवा. त्याच सुमारास दिवाळी येईल, तेव्हा फराळाचं तेल वेगळं आणा आणि वेगळं मोजा.