प्रश्न तुमचे : दम्याचा पंप आणि पेशीवरचे रिसेप्टर

प्रश्न : दम्यासाठी सालब्युटामोलचा पंप वापरते. पूर्वी दोन पफ घेतले की छाती मोकळी व्हायची. हल्ली रोज तीन-चार वेळा घ्यावा लागतो, आराम कमी पडतो, हातही थरथरतात. सवय लागली का?
– वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : व्यसनासारखी सवय नाही, पण हे अंगावर काढू नका. श्वासनलिकांच्या स्नायुपेशींवर बीटा-२ रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणारी प्रथिनं, असतात. सालब्युटामोल त्यांना चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो आणि आवळलेला स्नायू सैल होतो. परिणाम पाचेक मिनिटांत जाणवतो, चार ते सहा तास टिकतो.

रिसेप्टर सारखा चालू राहिला, तर पेशी स्वतःच त्याला आवर घालते. जीआरके हे एन्झाइम त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट लावतं, त्यावर अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसतं आणि पुढचा संदेश थांबतो. मग रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. काही परत पृष्ठभागावर येतात, काही मोडीत निघतात. तरी सगळा दोष रिसेप्टरवर टाकता येणार नाही. दम्याचं मूळ नलिकांच्या सुजेत आहे आणि सालब्युटामोल सूज उतरवत नाही. म्हणूनच २०१९पासून ‘जिना’ या जागतिक दमा मार्गदर्शिकेने नुसत्या सालब्युटामोलवर राहण्याचा सल्ला मागे घेतला. श्वासावाटे घेण्याचं स्टेरॉइड सूज कमी करतं, शिवाय पेशीला नवे बीटा-२ रिसेप्टर बनवायला लावतं. ते टाळत असाल तर पहिली चूक तिथे आहे.

आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा औषधाचा असर तीन-चार तासही टिकत नसेल, तर थेट रुग्णालय गाठा. पंप घेण्याची पद्धतही डॉक्टरांना करून दाखवा : हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबतानाच सावकाश आत ओढा, दहा सेकंद रोखा. जोरात ओढलं तर औषध घशावरच बसतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावल्यास हा त्रास बराच कमी होतो. थरथर होते, कारण हातापायांच्या स्नायूंवरही बीटा-२ आहेतच.

प्रश्न : हा रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातो म्हणतात. मग औषध बाहेरच राहूनही आत संदेश कसा जातो?
– बारावीचा विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : बीटा-२ म्हणजे ४१३ अमिनो आम्लांची एकच साखळी. तिचे सात सर्पिल, म्हणजे मळसूत्रासारखे वळलेले भाग, आवरणात उभे असतात आणि त्यांच्यामध्ये बाहेरच्या बाजूला औषधाची खोबण असते. औषध तिथे बसलं की सहाव्या सर्पिलाचं आतलं टोक सुमारे १.४ नॅनोमीटर बाजूला सरकतं. झालेल्या फटीत आतल्या बाजूचं जी-प्रथिन हे संदेशवाहक प्रथिन शिरतं, जवळचा जीडीपी हा छोटा रेणू सोडून त्याच्या जागी जीटीपी घेतं आणि त्याचा अल्फा भाग सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला चालना देतो. या अवस्थेची स्फटिकरचना २०११मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी अशा रिसेप्टरवरच्या संशोधनासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का या शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसात अशा सात सर्पिलांच्या रिसेप्टर-घराण्याची सुमारे आठशे जनुकं आहेत. त्यांतली निम्मी वास ओळखण्यासाठी!

प्रश्न : वडिलांना दमा आहे. अर्धशिशीवर प्रोप्रॅनोलॉल चालेल का?
– वाचक, हडपसर

उत्तर : नाही. ते हृदयावरच्या बीटा-१ रिसेप्टरबरोबर फुप्फुसातले बीटा-२ही अडवतं. दम्याचा झटका येऊ शकतो, आणि त्या वेळी सालब्युटामोलही नीट चालत नाही. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा रक्तात उतरून हेच करतात, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याबद्दल आठवणीने सांगा.