माणसांच्या मोठमोठ्या चित्रांचं प्रदर्शन नेमकं बघायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत गेलात, भिंतभर कॅनव्हास, त्यात माणसंच माणसं, आणि दहा मिनिटांत फेरी संपली. ‘माझंच काही चुकतंय का?’

चुकत नाही. माझंही वर्षानुवर्षं हेच व्हायचं. मी चित्रकलेतला नाही. कळव्याहून रोज लोकल पकडून हिशेबाची खाती जुळवायला जाणारा माणूस. बघण्याची युक्ती मला सापडली ती वडिलांमुळे, चित्रकार सुधीर पटवर्धनांच्या प्रदर्शनात.

2019 सरता सरता मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे सरकारच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, त्यांच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’. नॅन्सी अदजानिया यांनी ते मांडलं होतं. पटवर्धन शिक्षणाने डॉक्टर. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडले आणि 1975 पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. आर्ट स्कूलचं तोंड न बघता चित्रं काढत राहिले. आपल्या ठाण्याचा एक्स-रेवाला डॉक्टर रंगवतो तरी काय, एवढ्याच कुतूहलाने मी गेलो. वडील गिरणीतून निवृत्त झालेले, मूळ मालवणकडचे. घरी बसून कंटाळले होते म्हणून सोबत आले.

‘लोअर परळ’ या 2001 सालच्या चित्रासमोर ते थांबले ते हलेचनात. त्यांना अर्थबिर्थ काही नको होता. म्हणाले, “ह्यो खंय उभो रवान बघता रे?”

मग आम्ही दोघं ती जागा शोधायला लागलो. पुलावरून बघतोय म्हणावं तर सगळं असं एका नजरेत मावत नाही. गच्चीवरून म्हणावं तर जवळची माणसं इतकी जवळ कशी? अशी एक जागा परळात नाहीच. वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून पाहिलेलं पटवर्धनांनी एकात एक शिवलंय, आणि तो जोड कुठे आहे ते शोधण्यात आमची वीसेक मिनिटं सहज गेली.

तेव्हापासून मी कुठल्याही मोठ्या चित्रासमोर आधी तेच विचारतो: चित्रकाराने मला कुठे उभं केलंय? पटवर्धनांची सत्तरच्या दशकातली चित्रं, म्हणजे ‘इराणी रेस्टॉरंट’ किंवा ‘रनिंग वुमन’, बघितलीत तर एकेका माणसाचं शरीर जवळजवळ अख्खा कॅनव्हास व्यापतं. गर्दीच्या डब्यात समोरचा माणूस जितका जवळ असतो, तितकं जवळ. पुढे ‘टाउन’, ‘नाला’ अशा चित्रांत वस्ती पसरते, माणूस लहान होतो आणि आपण लांब फेकले जातो. हे अंतर पुस्तकातल्या छापील चित्रात कळत नाही, मोबाईलवर तर नाहीच. म्हणून आत शिरल्या शिरल्या फोटो काढू नका.

आणि सगळी चित्रं बघायची सक्ती स्वतःवर करू नका. तीन निवडा. आधी समोरच्या भिंतीला पाठ टेकेल इतकं मागे जा, मग एकाच माणसाचा हात दिसेल इतकं पुढे. कोण कोणाकडे बघतंय ते पाहा. (पटवर्धनांच्या गर्दीत बरेचदा कोणीच कोणाकडे बघत नाही. आपल्या सकाळच्या सात बाराच्या फास्ट लोकलसारखं.) भिंतीवरचा मजकूर शेवटी वाचा. तो आधी वाचला की डोळे नुसते टिकमार्क करत फिरतात, असा माझा अनुभव.

एक मात्र मान्य करतो, प्रत्येक मोठं चित्र मोठं असायला हवं होतं असं नसतं. कितीतरी चित्रं हॉटेलच्या लॉबीची भिंत डोळ्यासमोर ठेवून वाढवलेली वाटतात. पोस्टकार्डाएवढं करूनही ज्याचं काहीच बिघडणार नाही, त्याच्यासमोरून दहा सेकंदांत सरकलात तरी पाप लागत नाही.

जहांगीरला प्रवेश फुकट आहे. शनिवार-रविवारी गर्दी असते, आडवारी दुपारी जा. चित्रकार बहुतेक वेळा तिथेच खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांना चित्राचा अर्थ विचारला की बिचारे अवघडतात. मी एकदा एका बाईंना फक्त “तुम्ही हे कुठून बघितलंत?” एवढं विचारलं, तर त्या उठून चित्रापाशी आल्या आणि अर्धा तास मला मशीद बंदरचा पूल समजावत बसल्या. माझी सहा चौदाची गाडी चुकली.