एक्लिप्समध्ये जावाचा मूळ कोड कसा उघडायचा

अरे, 'अ‍ॅरेलिस्ट आपोआप मोठी कशी होते' हे नेटवर शोधत बसू नकोस, ती जावातली यादी साठवणारी क्लास आहे, थेट तिचा कोडच वाच. एक्लिप्समध्ये (जावाचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर) क्लासच्या नावावर कर्सर ठेवून एफ३ दाब. नाव माहीत आहे पण फाइल समोर नसेल, तर कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून नाव टाइप कर.

'सोर्स नॉट फाउंड' आलं तर घाबरू नकोस, नव्या माणसाला ते हमखास येतं. बहुतेक वेळा प्रोजेक्ट नुसत्या जेआरईवर (जावा प्रोग्रॅम फक्त चालवणारा संच) चाललेला असतो आणि त्यात मूळ कोड नसतो. पूर्ण जेडीके (प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनांसकट संच) घे. त्यात 'एसआरसी डॉट झिप' नावाची फाइल असते: जावा ८ मध्ये जेडीकेच्या मुख्य फोल्डरात, ९ पासून पुढे 'लिब'मध्ये. 'अटॅच सोर्स' बटणाने तीच जोडून दे.

मेव्हनने (लायब्रऱ्या आपोआप उतरवणारं साधन) आणलेल्या लायब्रऱ्यांसाठी जारवर (लायब्ररीची फाइल) राइट क्लिक करून मेव्हनच्या मेनूतून 'डाउनलोड सोर्सेस' निवड. इंटेलिजे या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एफ३ऐवजी कंट्रोल-बी आहे. तिथे मूळ कोड नसला तरी डीकंपाइल केलेला (चालणाऱ्या फाइलवरून परत बनवलेला) दिसतो. त्यात कॉमेंट नसतात, आणि माझ्या मते खरं शिक्षण कॉमेंटमध्येच आहे, म्हणून तिथेही सोर्स उतरवूनच घे.

आता अ‍ॅरेलिस्टमधली 'ग्रो' मेथड शोध. जुन्या क्षमतेत तिचाच अर्धा भाग मिळवलेला दिसेल, म्हणजे साधारण दीडपट वाढ. ते समजलं की हॅशमॅप (की वरून व्हॅल्यू शोधणारी क्लास) उघड; एका बकेटमध्ये (नोंदींच्या कप्प्यात) ८ हून जास्त नोंदी झाल्यावर काय होतं ते बघ, आणि अडलास तर नि:संकोच विचार.